बाहेर काढण्याआधी बाजू ऐका: मजूर संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी व मा. पोलीस अधीक्षक, अहिल्यानगर
मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, अहिल्यानगर

महोदय,

सुपा-नागापूर एमआयडीसीत, वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर राबणाऱ्या परप्रांतीय मजुरांच्या वतीने हे पत्र देत आहोत. बेकायदा आलेल्या परदेशी माणसाला परत पाठवण्याचा सरकारचा अधिकार आम्हाला मान्य आहे. आक्षेप घाईला आहे.

जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे धाडले गेले. ते भारतीयच निघाले आणि त्यांना परत घ्यावे लागले.

१९४६ चा परकीय नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा आला. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार मात्र पूर्वीसारखाच संशयिताच्या डोक्यावर आहे. म्हणूनच संशयाला आधार हवा. काहीही हाती नसताना कोणालाही नागरिकत्वाचा पुरावा मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसामच्या प्रकरणात बजावले आहे. बंगाली बोलणे हा आधार धरू नये. संशयाचे कारण त्या माणसाला समजेल अशा भाषेत लेखी द्यावे.

आधार कार्डाने नागरिकत्व सिद्ध होत नाही, हे खरे. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस, एखाददुसरा अपवाद सोडता, जन्मानेच नागरिक ठरतो. पण जन्माचा दाखला आणायचा कुठून? तो कर्जत-श्रीगोंद्याकडे पालावर जन्मलेल्या कित्येक पारध्यांकडेही नाही, आणि त्यांना कोणी परदेशी म्हणत नाही. तेव्हा शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, आईवडिलांची मतदार यादीतली नोंद मूळ गावाहून मागवून तपासावी आणि त्यासाठी पुरेसा वेळ द्यावा. एका कागदावर अहमदनगर, दुसऱ्यावर अहिल्यानगर दिसले म्हणून कागद खोटा ठरवू नये. हे सांगावे लागू नये, तरी सांगतो.

अटकेनंतर २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याचे संविधानाच्या अनुच्छेद २२ चे बंधन परदेशी माणसाच्या बाबतीतही पाळावे लागते. त्यातून फक्त शत्रुराष्ट्राचे नागरिक आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली पकडलेले वगळले आहेत. ‘चौकशीला बसवलंय’ म्हणून हे घड्याळ थांबवू नये. कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. प्राधिकरणाने पहिल्याच दिवशी वकील आणि बंगाली जाणणारा दुभाषा पाठवावा.

बाहेर पाठवण्याच्या आदेशाची प्रत कुटुंबाला द्यावी आणि त्यानंतर किमान १५ दिवस माणूस जिल्ह्याबाहेर हलवू नये. अनुच्छेद २२६ खाली दाद मागायला छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जावे लागते. रोजंदारीवरच्या बाईला तिथवर पोचून वकील गाठायला एवढे दिवस लागतातच.

या मागण्यांवर लेखी उत्तर आणि चर्चेसाठी वेळ मिळावी.