टाळ्या मिळाल्या, शाळा गेली!

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस एका डोंगरी तालुक्यांतील वाडीवर सभेस जाण्याचा योग आम्हांस आला. वाडीचें नांव आम्ही देत नाहीं. जें घडलें त्याचा दोष वाडीचा नाहीं, तो आमच्यासारख्या बोलघेवड्यांचा आहे. वाडीची शाळा चौथीपर्यंतची. पटावर नऊ मुलें, शिक्षक एक. ही शाळा मिटवून मुलांस तीन किलोमीटरवरच्या मोठ्या गांवीं पाठवावें असा विचार वरून आला होता, व गांवकऱ्यांचें म्हणणें ऐकण्याकरितां एक अधिकारी समक्ष येऊन बसले होते. म्हणजे पाहा, ऐकणारा माणूस दारीं आला होता! अशी संधि रयतेस वर्षानुवर्षें मिळत नाहीं.

पहिले वक्ते जिल्ह्याचे पुढारी. त्यांनीं जोतीराव, शाहू महाराज व बाबासाहेब या तिघांचीं नांवें एका दमांत घेतलीं, मूठ उगारली, आमच्या प्रेतांवरून जावें लागेल असें गर्जून सांगितलें आणि पाऊण तास घेतला. त्या पाऊण तासांत शाळा हा शब्द किती वेळां आला तें आम्हीं मोजलें. चार वेळां! टाळ्या मात्र मोजतां आल्या नाहींत. दुसरे वक्ते एक निवृत्त विद्वान. त्यांच्या पदव्या, पुरस्कार व परदेशच्या वाऱ्या यांचें वर्णन सूत्रसंचालकानें केलें तें त्यांस अपुरें वाटलें असावें, कारण तेंच त्यांनीं स्वमुखें पुन्हां केलें. मग, मी इतकीं वर्षें या क्षेत्रांत आहें, तेव्हां माझा शब्द प्रमाण माना, असें सांगून ते खालीं बसले.

तिसरे वक्ते आम्ही. आम्हीं खिशांतून कागद काढला व राज्याचे आंकडे वाचले. 2017 सालीं दहांहून कमी पटाच्या सुमारें तेराशे शाळा शेजारच्या शाळांत मिळविण्याचा निर्णय सरकारनें केला. 2023 सालीं वीसहून कमी पटाच्या शाळांच्या जागीं समूहशाळा उभारण्याची योजना पुढें आली, व अशा कमी पटाच्या शाळा चौदा हजारांहून अधिक निघाल्या. आंकडे खरे होते. पण त्यांत त्या वाडीचा एकही आंकडा नव्हता. लोक जांभया देऊं लागले व अधिकारी घड्याळ पाहूं लागले.

मग अधिकारी बोलले, तीनच मिनिटें. नऊ मुलांमागें एका शिक्षकाचा पगार जातो. मोठ्या शाळेंत मैदान आहे, ग्रंथालय आहे, बरोबरीचीं मुलें आहेत. गाडीची सोय करूं. इतकें बोलून त्यांनीं फाईल मिटली.

लोक उठूं लागले तेव्हां एक म्हातारी अधिकाऱ्यांच्या जवळ जाऊन म्हणाली, "साहेब, गाडी वड्याच्या पल्याड हुबी ऱ्हाती. वड्याला जूनपासनं दसऱ्यापातुर पानी. गेल्या साली नातवाला खांद्यावर घिऊन म्याच न्हेलाय, छातीइतक्या पान्यातनं. औंदा माजं गुडगं गेल्यात. मंग त्याला कोन न्हेनार, तुमी का ह्ये पुढारी?" ध्वनिक्षेपक तोंवर बंद झाला होता. टाळ्या कोणी वाजविल्या नाहींत, कोणी लिहूनही घेतलें नाहीं. दिवाळीनंतर शाळेस कुलूप लागलें.

आम्ही परत येतांना सारी वाट याच एका गोष्टीचा विचार करीत होतों. सभेंत तीन वक्ते झाले. एकापाशीं भावना होती, एकापाशीं नांवलौकिक होता, आणि आमच्यापाशीं आंकडे होते. तिन्ही मिळून एका म्हातारीच्या चार वाक्यांची सर आली नाहीं. असें कां व्हावें?

हल्लीं शहरोशहरीं भाषणकलेचे वर्ग निघाले आहेत. भरमसाट शुल्क घेऊन तेथें शिकवितात कीं, ग्रीक पंडित अरिस्टॉटल यानें श्रोत्यांचें मन वळविण्याचीं तीन साधनें सांगितलीं आहेत : वक्त्याचें शील, श्रोत्यांची भावना आणि म्हणण्यांतील तर्क. यांचा मसाला प्रमाणांत घातला कीं सभा जिंकली! आमचे तरुण कर्ज काढून हा मसाला विकत घेतात. पण त्या ग्रीकानें आणखी काय म्हटलें आहे तें या दुकानांत सांगत नाहींत. वक्त्यावरचा विश्वास त्याच्या आधीच्या कीर्तीतून नव्हे, तर त्याच्या बोलण्यांतूनच उत्पन्न झाला पाहिजे, असें तो म्हणतो. आमच्या निवृत्त विद्वानांची पदव्यांची यादी येथेंच बाद झाली. ज्यांनीं केवळ न्यायाधीशांच्या भावना भडकविण्याच्या युक्त्या शिकविल्या, त्या आपल्या आधीच्या आचार्यांवरही तो तुटून पडतो. ज्या गजानें मोजावयाचें तोच आधीं वांकवून ठेवण्यासारखें हें आहे, असा त्याचा दृष्टांत आहे. सुतारकाम जाणणाऱ्या आमच्या वाचकांस तो समजावून सांगावयास नको.

तरीसुद्धां अरिस्टॉटलाच्या पायांवर डोकें ठेवण्याची आमची तयारी नाहीं. कांहीं माणसें जन्मतःच गुलाम असतात असें याच पंडितानें आपल्या राजनीतीवरील ग्रंथांत तर्कशुद्ध भाषेंत लिहून ठेवलें आहे. एवढा मोठा तर्कशास्त्री, पण ज्याच्याविषयीं लिहितों त्या गुलामास एकदां विचारून पाहावें असें त्यास सुचलें नाहीं. तर्क चांगला असून भागत नाहीं. तो कोणाच्या अंगणांत उभा राहून केला आहे हें पाहावें लागतें.

आणि हीं तीन साधनें आमच्या लोकांस ग्रीसहून आणावीं लागलीं हें म्हणणेंच मुळीं खोटें आहे. आम्हांवर त्यांचा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या होत आला. जोतीरावांनीं 1855 सालीं लिहिलेलें 'तृतीय रत्न' हें नाटक वाचा. दक्षिणा प्राइज कमिटीनें तें नाकारलें. त्याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. कुणब्याची बायको गरोदर आहे. दारीं जोशी येतो. तिच्या पोटांतल्या बाळावर ग्रहांची वक्रदृष्टि आहे असें सांगून तो तिला घाबरवितो. ही झाली भावना. आपण शास्त्र जाणतों, म्हणून आपला शब्द खरा. हें झालें शील. ग्रहांची पीडा आहे, पीडा शांतीनें टळते, म्हणून शांति करा व ब्राह्मणभोजन घाला. हा झाला तर्क! तिन्ही साधनें चोख, आणि शेवटीं कुणब्याच्या बोडक्यावर कर्ज. या नाटकाचा शेवट मात्र नीट ध्यानांत घ्या. तें कुणबी जोडपें जोशाहून गोड बोलणारा दुसरा कोणी शोधीत नाहीं. तें रात्रीच्या शाळेंत नांव घालण्याचें ठरवितें. जो फसविला गेला त्यानें स्वतः वाचावें, स्वतः हिशेब करावा, हा जोतीरावांनीं काढलेला उपाय.

आतां हींच साधनें सत्याच्या कामीं कशीं लावावीं, तें याच गृहस्थाकडून शिकूं. 1882 सालीं हंटरसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें शिक्षणाची चौकशी करणारें कमिशन नेमलें. जोतीरावांनीं त्यापुढें आपलें निवेदन ठेवलें. आमचे पुढारी त्याचें नांव प्रत्येक भाषणांत घेतात. वाचलें किती जणांनीं असेल याची आम्हांस शंका आहे. त्यांत जोतीराव आपली ओळख काय देतात? व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपालिटीचे सभासद. मग ते सांगतात कीं, माझा अनुभव मुख्यत्वें पुणें व आसपासच्या खेड्यांपुरता आहे. पाहिलेंत? मी अमक्या देशाचा तारणहार, असें नाहीं. आपल्या ज्ञानाची हद्द ते प्रथम आंखून देतात. पुढें आपण मुलींची शाळा काढली, महार-मांगांच्या मुलांची शाळा काढली, कांहीं वर्षें स्वतः शिकविलें, एवढी हकीकत देतात. ज्यानें आपल्या माहितीची सीमा सांगितली त्याच्या सीमेच्या आंतल्या शब्दावर ऐकणाऱ्याचा भरवसा बसतो. पदव्यांची यादी वाचून असा भरवसा कधीं बसला आहे काय?

मग तर्क. सरकारच्या वसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामांतून येतो. त्यांतला शिक्षणावरील खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. वरच्यांस शिकविलें म्हणजे विद्या आपोआप खालीं झिरपेल, ही सरकारची समजूत. जोतीराव विचारतात, तें झिरपलेलें पाणी दाखवा! इलाख्यांतील खेड्यांपैकीं सुमारें नऊ-दशांश खेड्यांत, म्हणजे जवळजवळ दहा लाख मुलांस, शिक्षणाची कांहींच सोय नाहीं असा आंकडा ते पुढें ठेवतात. आमचे आंकडे व त्यांचे आंकडे यांत भेद हा, कीं त्यांच्या आंकड्यामागें कोणाचा पैसा कोणाकडे गेला हा प्रश्न उभा आहे. आमचे आंकडे नुसते एकाखालीं एक उभे होते.

एवढ्यावर ते थांबत नाहींत. समोरचा काय आक्षेप घेईल तें ओळखून ते तो स्वतःच मांडतात. शेतकऱ्याचें पोर गुरें राखतें, शेतांत लागतें, म्हणून तें शाळेंत येत नाहीं. बरें, तर शिष्यवृत्त्या व बक्षिसें ठेवा, आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचें करा. खेड्यांतला पंतोजी मुलांत मिसळत नाहीं; तर शेतकरी वर्गांतले शिक्षक तयार करा, ज्यांस नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची लाज वाटणार नाहीं. त्यांस पगार किती, तोही आंकडा त्यांत आहे : बारा रुपयांहून कमी नको. मोडी-बालबोध वाचन, लेखन, हिशेब, शेतीचें थोडें ज्ञान, आरोग्याचे नियम, येथपर्यंत अभ्यासक्रमही मांडला आहे. आणि भावना? ती त्या रयतेच्या घामाच्या एका शब्दांत येऊन जाते. ऊर बडविणें कोठेंही नाहीं.

याच जोतीरावांनीं 1869 सालीं लोकांकरितां शिवाजी महाराजांचा पोवाडा लिहिला. 1888 सालीं पुण्यास ड्यूक ऑफ कॅनॉट यांस मेजवानी झाली. तेथें भरजरी पोषाखांच्या गर्दींत ते शेतकऱ्याच्या वेषांत जाऊन उभे राहिले व हिंदुस्थानची खरी रयत कशी असते तें राजपुत्रास सांगितलें. कमिशनपुढें कागद, जत्रेंत पोवाडा, मेजवानींत लंगोटी-घोंगडीचा वेष. कोणाच्या मनाचें दार कोणत्या बाजूस उघडतें हें ते आधीं पाहात. आमचे पुढारी मात्र अधिकाऱ्यापुढें पोवाडा गातात आणि जत्रेंत परिपत्रक वाचतात.

कोणी म्हणेल, एवढें करून जोतीरावांस काय मिळालें? कमिशननें सक्तीचें शिक्षण दिलें काय? नाहीं दिलें, हें आम्ही लपवीत नाहीं. 1911 सालीं नामदार गोखल्यांनीं कायदेमंडळांत बिल आणलें, तेंही पडलें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं 1917 सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. साऱ्या देशांत 6 ते 14 वर्षांच्या मुलांचा तो कायदेशीर हक्क म्हणून अमलांत येण्यास 2010 साल उजाडावें लागलें. निवेदनास 128 वर्षें झालीं होतीं. पण त्या निवेदनांतलें मुख्य मागणें आज कायद्याच्या पुस्तकांत आहे, आणि त्या दिवसांत पुण्याच्या सभांतून कडाडलेल्या कितीएक भाषणांचा आज मागमूसही नाहीं.

आतां त्या अधिकाऱ्यांच्या तीन मिनिटांकडे वळूं, कारण त्यांस उत्तर द्यावयाचें राहून गेलें व तें आमच्या जिवास लागून राहिलें आहे. त्यांचा तर्क दिसावयास पक्का होता. पण पटावर नऊ मुलें कां उरलीं, हें त्यांनीं विचारलें नाहीं. वाडींतलीं निम्मीं घरें ऊसतोडीस जातात व मुलें बरोबर नेतात, हें फाईलींत नव्हतें. एका शिक्षकाचा पगार त्यांनीं हिशेबांत धरला. ओढ्यास पाणी असेल तितके दिवस नऊ मुलें घरीं बसतील, ते दिवस कोणत्या खात्यांत धरले? पहिली ते पांचवीच्या मुलांस चालत जाण्याजोग्या एक किलोमीटरच्या आंत शाळा असावी, असें केंद्राच्या 2010 च्या नियमांत आहे. गाडी देऊं हें त्यावरचें उत्तर होऊं शकेल, नाहीं असें नाहीं. पण मग गाडी ओढ्याच्या अलीकडे आली पाहिजे. हें सारें त्या सभेंत बोलतां आलें असतें. त्यास पाऊण तास नको होता, आणि परदेशची वारीही नको होती. ओढा पाहून आलें असतें तरी पुरें होतें. तो सभेच्या मंडपापासून हाकेच्या अंतरावर होता, आणि आम्हां तिघां वक्त्यांपैकीं एकही तेथवर गेला नव्हता.

भावनेस आमचा विरोध आहे असा अर्थ कोणी काढूं नये. म्हातारीच्या बोलण्यांत भावना नव्हती काय? होती, पण ती ओढ्याच्या पाण्यांतून वर आली होती. भरवसा होता, कारण पोर तिच्या खांद्यावर होतें. आणि तर्क असा, कीं अधिकाऱ्यांच्या गाडीस तिनें एका वाक्यांत ओढ्यापलीकडे थोपविलें. तिला कोणीं वर्गांत शिकविलें नव्हतें.

याच तालुक्यांतील आणखी दोन वाड्यांच्या शाळांवर तोच प्रसंग येऊं घातला आहे. तेथील मंडळींनीं आम्हांस भाषणास बोलाविलें आहे. आम्हीं त्यांस असें कळविलें आहे कीं, सभेच्या आधीं आठ दिवस हजेरीपट उतरून घ्या, घरापासून नव्या शाळेपर्यंतची वाट पायीं मोजा, ओढ्यास पाणी किती महिने असतें तें लिहा, ऊसतोडीस कोणतीं घरें जातात त्यांची यादी करा, आणि प्रत्येक कागदावर ज्यानें पाहिलें त्याची सही किंवा अंगठा घ्या. त्या म्हातारीस आम्हीं निरोप धाडला आहे. गुडघे चालले तर ती येणार आहे. ध्वनिक्षेपक प्रथम तिच्या हातीं द्यावा. कार्यक्रमपत्रिकेवर आमचें नांव वक्ता म्हणून छापलें असल्यास तें खोडावें. हजेरीपट धरून उभा राहावयास एक माणूस लागेल, तेवढें काम आम्ही करूं.