ट्रंकेतले फोटो, पिशवीतला स्कॅनर

गणपतीची नाहीतर दिवाळीची सुट्टी आली, की आनेकल तालुक्यातल्या मराठी घरांत गावी जायची धांदल उडते. इलेक्ट्रॉनिक सिटी याच तालुक्यातली. तिथल्या नोकऱ्यांसाठी आलेली कितीतरी कुटुंबे चंदापुरा, अत्तिबेले, जिगणी, सर्जापूर या भागांत स्थिरावली आहेत. सांगली-मिरजेकडची मंडळी रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरतात. परतताना पिशव्यांतून चटण्या येतात, पापड येतात, घरचे तूपही येते. येत नाहीत ते ट्रंकेतले जुने फोटो.

‘अहो आई, अल्बम आम्ही नेतो. स्कॅन करून दिवाळीला परत आणतो,’ असे सूनबाईने म्हणायचा अवकाश, सासूबाईंचा हात ट्रंकेच्या झाकणावर जातो. ‘नको गं बाई. यांचा तरुणपणीचा एवढा एकच फोटो आहे. वाटेत कुठे हरवला म्हणजे?’

सासूबाईंचे काही चुकत नाही. पण फोटो ट्रंकेत तरी सुरक्षित असतात का? १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्यातल्या नदीकाठचे संसार वाहून गेले. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात घराघरांत पाणी शिरले. सप्टेंबर २०२२ मध्ये तर बंगळूरच्या सर्जापूर रस्त्यावरच्या वसाहतींतही तीच गत झाली. भांडीकुंडी पुन्हा घेता येतात, आजोबांचा एकुलता एक फोटो कुठून आणायचा?

यावर सोपा तोडगा आहे. फोटो स्कॅनरकडे न्यायचे नाहीत. स्कॅनरच फोटोंकडे न्यायचा.

सडपातळ का?

स्कॅनरचे घरगुती फोटोंशी नाते जुने आहे. १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकात पहिले छायाचित्र उतरवले, ते किर्श यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचे! त्यात आडवे १७६ आणि उभे १७६ एवढेच ठिपके होते.

पूर्वीच्या सपाट स्कॅनरमध्ये दिवा, आरसे आणि भिंग असे. त्यामुळे ते जाडजूड, आणि विजेसाठी वेगळा अ‍ॅडाप्टर लागे. सडपातळ स्कॅनरमध्ये आरसे नसतात. पानाच्या रुंदीएवढी संवेदकांची पट्टी काचेच्या अगदी खालून सरकते आणि लाल, हिरवे, निळे एलईडी आळीपाळीने उजेड पाडतात. वीज इतकी कमी लागते, की लॅपटॉपच्या यूएसबी तारेतूनच भागते. गावी दिवे गेले तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू राहते. कॅननची ‘लाइड’ मालिका आणि एप्सनचा ‘परफेक्शन व्ही३९’ हे याच जातीचे. ए-४ कागद मावतो आणि वजन दीड-पावणेदोन किलोच्या आसपास असते.

या बांधणीचा एक तोटाही आहे. काचेला चिकटून असेल तेवढेच स्वच्छ दिसते. काही मिलिमीटर वर उचललेले पुसट होते. म्हणून जाड पोथीचा मधला भाग नीट येत नाही आणि फ्रेममधला फोटो काचेसकट ठेवून उपयोग नाही. निगेटिव्हसाठी मागून उजेड देणारा वेगळा स्कॅनर लागतो.

निघण्यापूर्वी

लागणारे सॉफ्टवेअर आनेकललाच लॅपटॉपवर घालून दोन-चार फोटो करून पाहावेत. गावी इंटरनेट मिळेलच असे नाही. स्कॅनरच्या तळाशी कुलपाची खूण असलेला खटका असेल, तर प्रवासात तो बंद करावा आणि काम सुरू करताना आठवणीने उघडावा. काच असल्याने स्कॅनर साड्यांच्या घड्यांत आडवा ठेवावा आणि ती पिशवी हाताशीच असू द्यावी. सोबत मऊ सुती फडके, मऊ ब्रश, शिसपेन्सिल आणि वही घ्यावी.

गावी गेल्यावर

फोटोवरची धूळ ब्रशने हलकेच झाडावी, पाणी लावू नये. काच पुसताना द्रव काचेवर न टाकता फडक्यावर घ्यावा. नेहमीच्या फोटोंना ६०० डीपीआय पुरेसे आहे. चार बाय सहा इंचांच्या फोटोत त्यामुळे सुमारे ८६ लाख ठिपके येतात, आणि तेवढ्यावर तो दुप्पट मोठाही छापता येतो. पासपोर्ट आकाराच्या फोटोला १२०० ठेवावे. आकडा याहून वाढवला तर फाइल फुगते, फोटोत नसलेला तपशील काही उगवत नाही. कृष्णधवल फोटोही रंगीत पद्धतीनेच स्कॅन करावा, म्हणजे त्याची तांबूस छटा टिकते.

अल्बमला चिकटलेले फोटो ओढून काढू नयेत. झाकण काढून किंवा पूर्ण उघडून सबंध पानच काचेवर पालथे घालावे. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर सोडवूच नये. खिडकीच्या उजेडात, काचेवर चकाकी येणार नाही अशा बेताने मोबाईलने टिपावा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, तारीख, मामांचे अक्षर तिथेच सापडते.

खरे काम वहीचे

स्कॅनर चेहरा टिपतो, नाव टिपत नाही. तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरी, नऊवारीतली मुलगी कोण, हे घरात कदाचित एकट्या आजीलाच ठाऊक असते. पूर्वी लग्नात मुलीचे नावही बदलत. म्हणून आत्याचे माहेरचे नाव विचारले नाही, तर पुढच्या पिढीला एकाच बाईच्या दोन बायका वाटतील!

तेव्हा आजींना शेजारी बसवावे. एक फोटो काचेवर असताना दुसरा त्यांच्या हातात द्यावा. फाइलचा क्रमांक वहीत लिहून पुढे नावे डावीकडून उजवीकडे, नाते, गाव आणि प्रसंग नोंदवावा. साल नक्की आठवत नसेल तर ‘धाकट्याच्या मुंजीच्या आधी’ एवढेही चालते. आजी बोलत असताना मोबाईलवर आवाज टिपून घ्यावा. फोटोच्या मागे लिहायचेच झाले तर कडेला, शिसपेन्सिलीने, हात न दाबता. बॉलपेनचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. एका बैठकीत चाळीस-पन्नास फोटो झाले तरी पुष्कळ. आजी थकल्या की काम थांबवावे.

परतल्यावर प्रती एकाच ठिकाणी ठेवू नयेत. एक आनेकलच्या संगणकात, एक वेगळ्या हार्डडिस्कवर आणि एक दुसऱ्या गावच्या भावंडाकडे असावी. वहीची पानेही स्कॅन करून त्यांतच घालावीत.

ट्रंक मात्र जिथे होती तिथेच राहू द्यावी. सासूबाई झाकण लावतील तेव्हा आतला एकही फोटो हललेला नसेल. सुनेच्या पिशवीत यावेळी चटणी-पापडांबरोबर सासऱ्यांचा तरुण चेहरा असेल, आणि वहीत सासूबाईंनी सांगितलेली सगळी नावे.