चढावर थांबणारी गाडी

गेल्या पावसाळ्यांत एका जुन्या विजेच्या स्कूटरवरून आमच्या घरांत लहानसें वादळ उठलें. त्याची हकीकत वाचकांच्या उपयोगी पडेलसें वाटल्यावरून येथें देत आहों.

आमच्या थोरल्या वहिनी पुण्यांत शिक्षिका आहेत. त्यांच्या चिरंजीवांनीं पहिल्या पगारांतून आईसाठीं ही वापरलेली गाडी घेतली. तिचा वेग ताशीं २५ किलोमीटरच्या आंत व मोटार २५० वॅटची असल्यामुळें नोंदणीची यातायात नव्हती. पंधरा दिवस बरे गेले. पुढें पर्वतीकडील चढावर गाडी मान टाकूं लागली. कांटा बॅटरी पूर्ण भरलेली दाखवी. चढ लागतांच तो एकदम खालीं येई व मोटार बंद पडे. पांच मिनिटें थांबल्यावर कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत ती पुनः चाले. एकदां भर पावसांत वहिनींना ती ढकलीत आणावी लागली, तेव्हां दादांनीं निकाल दिला, "रात्रभर चार्ज करा, सपाट रस्त्यावर फिरवून दाखवा आणि विकून मोकळे व्हा." मुलाचें तोंड उतरलें.

वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, जी घेईल तीही कोणाची तरी आईच असेल ना?" या प्रश्नानें आम्हांस तपासणीस बसविलें.

प्रथम सोपें तें पाहावें. चाक उचलून हातानें फिरविलें. तें मोकळें फिरलें, म्हणजे ब्रेक घासत नव्हता. टायरांत हवा कमी होती, ती भरली. ब्रेकच्या मुठीशीं एक कळ असते. ती अडकली तर मोटारीची वीज तुटते व मागचा तांबडा दिवा जळतच राहतो. तोही दोष नव्हता. आसनाखालील तारा पाहिल्या, तों एका जोडाचें प्लास्टिक वितळून काळवंडलेलें! सैल जोड तापतो, आणि चढावर वीज अधिक ओढली जात असल्यामुळें तेथें अधिकच तापतो. जोड नवा बसविला. गाडी सुधारली, पण चढ पुरा होईना.

आमच्या गाडींत १२ व्होल्टच्या शिशाच्या चार बॅटऱ्या एकीस एक जोडून ४८ व्होल्टचा संच केलेला आहे. मल्टिमीटर लावतां चारीही १२.६ च्या वर! येथेंच पुष्कळांची फसगत होते. ओझें नसतांना आजारी बॅटरीही भरलेली भासते. म्हणून चारी सुट्या करून प्रत्येकीवर मोटारीच्या दिव्याचा ५५ वॅटचा बल्ब अर्धा तास लावला. तिघी १२ च्या वर राहिल्या, चौथी १०.५ च्याही खालीं गेली, म्हणजे जवळजवळ रितीच. एक बसली कीं सबंध संचाचा दाब घसरतो, आणि तो ४२ व्होल्टच्या सुमारास आला कीं नियंत्रक मोटार बंद करतो. विसाव्यानें दाब वर येतो, म्हणून गाडी पुनः चालते. कोडें सुटलें.

"मग एकच बदला," दादा म्हणाले. परंतु तीन थकलेल्यांत एक नवी घातल्यास चार्जिंग सर्वांस सारखें बसत नाहीं व नवीही लवकर झिजते. अखेर चारी बदलल्या. जुन्या विक्रेत्याकडेच परत दिल्या, कारण शिसें विषारी असल्यामुळें तें कोठेंही टाकणें योग्य नव्हे. अर्धा खर्च दादांनीं न बोलतां मुलाच्या हातीं ठेविला.

दोन सूचना मात्र देणें अवश्य आहे. बॅटरीला हात लावण्यापूर्वीं अंगठ्या व बांगड्या काढाव्या. धातूचा स्पर्श दोन टोंकांस झाल्यास भाजण्याचें भय असतें. आणि गाडींत लिथियमचा संच असल्यास तो घरीं मुळींच उघडूं नये. फुगलेला किंवा वास येणारा संच चार्जही करूं नये. २०२२ सालीं देशांत अशा कांहीं गाड्यांना आगी लागल्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक करण्यांत आले.

जुनी गाडी घेणाऱ्यानें ती सपाटीवर पाहून भुलूं नये. अर्धा तास चालवावी, मग मागें माणूस बसवून चढावर न्यावी, आणि बॅटऱ्या केव्हां घातल्या तें विचारावें. विकणाऱ्यानें तें न विचारतां सांगावें. आम्हांला गाडी विकणाऱ्यानें तेवढें केलें असतें, तर वहिनी त्या दिवशीं पावसांत भिजत्या ना.