लेकीच्या हाती कागद द्या

मैत्रिणींनो, चंद्रपुरात 'बंगाली कॅम्प' म्हटलं की ऑटोवाला पुढे काही विचारत नाही, थेट नेऊन सोडतो. पण हा कॅम्प कोणाचा, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

फाळणीनंतर, आणि विशेषतः 1964 च्या दंगलींनंतर, पूर्व पाकिस्तानातून म्हणजे आजच्या बांगलादेशातून हजारो हिंदू कुटुंबं जीव मुठीत धरून निघाली. पश्चिम बंगालात जागा पुरेना, म्हणून सरकारनं त्यांना मध्य भारताच्या जंगलांत पाठवलं. कित्येकांनी रायपूरजवळच्या माना कॅम्पात दिवस काढले. काहींच्या वाट्याला आपला जुना चांदा जिल्हा आला. 1982 साली गडचिरोली वेगळा झाला, तेव्हा चामोर्शी, मुलचेरा भागातली बंगाली गावं तिकडे गेली. नदीकाठची ही माणसं, सागाच्या रानात येऊन पडली! (ते रानही रिकामं नव्हतं बरं का. माडिया-गोंडांना तेव्हा कुणी विचारलं होतं?)

आज तिथं धान पिकतं, तळ्यांत मासळी वाढते, दुर्गापूजा थाटात होते. बाया बाजारात मराठीत घासाघीस करतात. मग अडलं कुठं? कागदावर!

यातली बरीच कुटुंबं नमशूद्र. बंगालात ही जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. यादी राज्यवार असते आणि ती बदलायची तर संसदेत कायदा करावा लागतो. म्हणजे बंगालातल्या चुलत बहिणीला जी शिष्यवृत्ती मिळते, ती मुलचेऱ्याच्या पोरीला मिळत नाही. घरात पैसा कमी असला की आधी शिक्षण कोणाचं थांबतं, ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको.

दुसरी अडचण लग्नाची. निर्वासित म्हणून झालेली नोंद आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर. लेक सासरी जाते, कधी थेट छत्तीसगडातल्या पखांजूरला, आणि तिचं आडनाव बदलतं. 'तू कोणाची कोण' हे सिद्ध करायला मग तिनंच माहेरच्या तालुक्याला खेटे घालायचे!

आपल्या देशानं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे जो तो समूह वेगळ्या नियमानं जगतो. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातल्या तिबेटी वसाहतीत पुष्कळांचं आयुष्य नोंदणी प्रमाणपत्राचं नूतनीकरण करण्यात जातं. 2019 ची नागरिकत्व दुरुस्ती आली, 2024 मध्ये तिचे नियम आले. पण ती तीनच देशांतून आलेल्यांसाठी, आणि त्यातही मुसलमान सोडून. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ बाईला तिचा उपयोग नाही. आसरा देताना आधी धर्म विचारावा, हे काही मनाला पटत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबानं 2024 अखेर जगात 12 कोटी 32 लाख माणसं घरादाराला पारखी झाली होती. त्यांनाही तंबू आणि धान्य आधी मिळतं, कागद मागाहून. आपल्याकडे तर साठ वर्षं झाली!

जातीच्या यादीचा निर्णय दिल्लीत व्हायचा. पण विवाहित लेकींच्या नोंदी जुळवून द्यायला तहसील कार्यालयानं गावात येऊन बसायला काय हरकत आहे? आणि मायबहिणींनो, तोवर एवढं तरी करा. पोरीचं लग्न ठरलं की भांड्याकुंड्यांच्या आधी तिचा जन्मदाखला, शाळेची टीसी आणि वडिलांच्या जुन्या कागदाची साक्षांकित प्रत एका पिशवीत घालून तिच्याच हाती द्या. सासऱ्याच्या कपाटात नको.