सोडलं तर गद्दार, विकलं तर व्यवहार?

नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईचा रवींद्र जडेजा राजस्थानकडे गेला आणि राजस्थानचा संजू सॅमसन चेन्नईकडे आला. आपल्या घरातल्या मुलांना त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. गल्लीतली पोरं तर अशी भांडली, जणू कुणाची वाटणीच चाललीय. त्याआधी हार्दिक पंड्याचं झालं होतं. मुंबईचा हार्दिक गुजरातकडे गेला, दोन हंगाम तिकडं खेळला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये परत मुंबईकडे आला. पाठोपाठ रोहित शर्माच्या जागी कप्तानही झाला. मग २०२४ च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर त्याच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. ‘पैशासाठी गेला, पैशासाठी आला’ असं म्हणणारे आपल्याच घरात होते. जणू बाकीचे सगळे फुकट खेळतात!

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, या कोट्यधीश पोरांच्या उलाढालीशी आपला काय संबंध? तव्यावरची पोळी करपू न देता आपण जेवढं ऐकतो, तेवढंच आपलं क्रिकेट. पण मला या बातम्यांत दरवेळी एक गोष्ट खटकते. खेळाडू स्वतःहून संघ सोडतो तेव्हा तो गद्दार ठरतो. संघाचा मालक त्याला दुसऱ्याला देऊन टाकतो, तेव्हा मात्र तो ‘व्यवहार’ होतो. माणूस तोच, जाणंही तेच. ठरवलं कुणी, यावर शिवी की शाबासकी ते ठरतं.

अमेरिकेत हा प्रकार फार जुना आहे. तिथल्या बास्केटबॉलमध्ये एकेकाळी खेळाडूनं एकदा एका संघाशी करार केला की तो जवळपास जन्माचा त्याच संघाचा. संघानं सोडलं तरच सुटका. ऑस्कर रॉबर्टसन नावाच्या मोठ्या खेळाडूनं १९७० साली, खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष असताना, याविरुद्ध कोर्टात दावा लावला. १९७६ साली तडजोड झाली आणि खेळाडूला हळूहळू आपल्या पायानं चालायची मोकळीक मिळत गेली. म्हणजे करार संपला की तो मोकळा, हवं त्या संघाकडे जाऊ शकतो. २०१० साली लेब्रॉन जेम्स असाच करार संपवून आपल्या गावाकडचा क्लीव्हलँडचा संघ सोडून मायामीला गेला. लोकांनी त्याच्या नावाचे शर्ट रस्त्यावर जाळले. फेब्रुवारी २०२५ मध्ये उलटं झालं. डॅलसचा लाडका लुका डॉन्सिच रात्रीतून लॉस एंजेलिसला देऊन टाकला गेला. आदल्या वर्षी त्यानंच संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं, पण त्याला स्वतःला याची कल्पनाही नव्हती. एकानं हक्क वापरला, एकाला नुसतं कळवण्यात आलं. (लुकाच्या वेळी मात्र तिथले लोक खेळाडूवर नाही, ज्यानं हा सौदा केला त्या व्यवस्थापकावर चिडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची नोकरी गेली. आपल्याकडे मालकाला असं विचारल्याचं मला तरी आठवत नाही.)

आता हे सगळं बीड जिल्ह्यातल्या बाईला समजावून सांगायची गरज आहे का? आपल्याकडे ‘उचल’ हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हंगामाच्या आधी मुकादम उचल देतो, कागदावर अंगठा किंवा सही घेतो. ती फिटेपर्यंत माणूस त्याच्या टोळीचा. फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही त्याच्याच टोळीत. दुसऱ्या मुकादमाकडे जायचं असेल तर नव्यानं जुन्याचे पैसे भरायचे, मग माणूस इकडून तिकडे. आजारपणात कामावर गेलं नाही तर खाडा पडतो, तो हिशेबातून कापला जातो. आयपीएलवाल्यांनी ज्याला मोठमोठी इंग्रजी नावं ठेवली आहेत, ते आपल्या ऊसतोड कामगारानं पिढ्यान्‌पिढ्या अंगावर काढलंय. फरक एवढाच, की तिकडे कोटी मिळतात आणि इकडे कर्ज वाढतं. आणि एक फरक बायांचा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मोळी ती बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत तीच नेते. पण उचल नवऱ्याच्या नावावर. ती कोणत्या टोळीत जाणार, कोणत्या कारखान्यावर जाणार, हे तिला कुणी विचारत नाही. लुकाला निदान फोन तरी आला असेल.

म्हणून संघ सोडून जाणाऱ्या मुलीची गोष्ट मला संघ सोडणाऱ्या मुलापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. अशी एक मुलगी आहे किरण नवगिरे. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची. हा अकलूजकडचा भाग, आपल्या टोळ्या ऊसतोडीला जातात तो. शेतकऱ्याची मुलगी, आधी भालाफेक, गोळाफेक करायची, मग क्रिकेटकडे वळली. महाराष्ट्राकडून खेळली, पण म्हणावी तशी संधी मिळेना. मग तिनं काय करावं? ती थेट नागालँडला गेली. कुठं माळशिरस, कुठं नागालँड! ईशान्येकडच्या राज्यांचे संघ तेव्हा नवे होते आणि बाहेरच्या राज्यातला खेळाडू पाहुणा म्हणून घेता येतो. तिनं ती फट शोधली आणि त्यातून आत शिरली. एप्रिल २०२२ मध्ये नागालँडकडून अरुणाचल प्रदेशविरुद्ध तिनं ७६ चेंडूंत १६२ धावा ठोकल्या. वीस षटकांच्या सामन्यात दीडशेच्या वर जाणारी ती पहिली भारतीय. पुरुषांतही तोवर कुणी गेलेलं नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरात ती इंग्लंडमध्ये भारताकडून खेळली. २०२३ साली महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा तिच्या बॅटवर कुठल्या कंपनीचं स्टिकर नव्हतं. तिनं हातानं धोनीचं नाव आणि नंबर लिहिला आणि अर्धशतक काढलं.

पुढे ती महाराष्ट्राच्या संघात परत आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात पंजाबविरुद्ध तिनं ३४ चेंडूंत शतक मारलं. महिलांच्या टी-ट्वेंटीत जगात इतक्या कमी चेंडूंत तोवर कुणी शतक केलेलं नव्हतं. आता आपण सगळे म्हणतो, आपली किरण! नागालँडला निघाली होती तेव्हा कोण ‘आपली’ म्हणत होतं? ती गेली नसती, महाराष्ट्राच्या राखीव खेळाडूंत बसून राहिली असती, तर तिला निष्ठावान म्हणायला तरी कुणी आलं असतं का, मला शंका आहे.

किरणला जाता आलं, कारण तिला अडवणारा कागद नव्हता. प्रत्येकीचं तसं नसतं. हरमनप्रीत कौरचं उदाहरण घ्या. आपल्या मुलींनी २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हाची ही कप्तान. मोगा या पंजाबातल्या छोट्या शहरातली. तिला पश्चिम रेल्वेत नोकरी लागली, २०१४ साली. मुलींच्या क्रिकेटला पैसा नव्हता त्या काळात रेल्वेची नोकरी हाच आधार होता. डायना एडल्जींनी माधवराव शिंदे रेल्वेमंत्री असताना त्यांच्या मागे लागून मुलींना रेल्वेत घ्यायला लावलं, त्याचा फायदा मिताली राजपासून कितीतरी जणींना झाला. आपापली राज्यं सोडून चांगल्या चांगल्या मुली रेल्वेच्या संघात गेल्या, कारण तिथं महिन्याच्या महिन्याला पगार होता. त्यांना कुणी गद्दार म्हटलं नाही हे बरं झालं. बहुधा कुणाचं लक्षच नव्हतं.

तर हरमनप्रीतनं २०१७ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १७१ धावा केल्या आणि पंजाब सरकारनं तिला पोलीस खात्यात अधिकारीपद देऊ केलं. तिला घरी जायचं होतं. पण रेल्वेबरोबर पाच वर्षांचा बाँड होता आणि तो पुरा झाला नव्हता. राजीनामा देऊनही सुटका होईना. शेवटी पंजाबच्या मुख्यमंत्र्यांनी मध्ये पडून रेल्वे मंत्रालयाकडे शब्द टाकला, तेव्हा कुठे मार्च २०१८ मध्ये ती तिकडे रुजू झाली. रेल्वेचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तिनं सही केली होती, तिला नोकरी अडचणीच्या काळात दिली होती. पण देशभर नाव झालेल्या मुलीला एका सहीतून सुटायला मुख्यमंत्री लागतो, मग आपल्या तालुक्यातल्या मुलीसाठी कोण शब्द टाकणार?

वस्त्यांवर फिरताना हल्ली असे कागद माझ्यासमोर येतात. धावण्यात, कबड्डीत, खो-खोत चमकलेल्या मुलीला कुठली तरी अकादमी बोलावते. वडील कागद पुढं करतात, “ताई, काय लिव्हलंय बघा बरं यात, सही करू का नको?” आनंदाच्या भरात कुणी वाचत नाही. मी त्यांना तीन-चारच गोष्टी बघायला सांगते. किती वर्षांसाठी बांधून घेताहेत? मधेच सोडलं तर किती पैसे भरायचे? दुसऱ्या संघाकडे जाताना ‘ना हरकत’ कोण देणार आणि किती दिवसांत? यशस्वी जयस्वालला एप्रिल २०२५ मध्ये मुंबई सोडून गोव्याकडे जायचं होतं, तर मुंबईच्या संघटनेनं लगेच ना हरकत दिली. महिन्याभरानं त्याचं मन बदललं तर परतही घेतलं. मोठ्या खेळाडूला हे चालून जातं, लहानीचा कागद टेबलाच्या खणात पडून राहतो. आणि मूळ प्रमाणपत्रं, मग ती दहावीची असोत की जन्माची, कुणाच्या ताब्यात द्यायची नाहीत. झेरॉक्स द्यावी. अठरा वर्षांखालच्या मुलीनं स्वतः केलेला करार कायद्यात टिकत नाही, म्हणूनच सही आई-बापाची घेतात. तेव्हा वाचायची जबाबदारीही आपलीच.

एवढं करूनही शेजारपाजारचं बोलणं चुकत नाही ते नाहीच. ‘पोरीला एकटीला पुण्याला कशाला पाठवायचं?’ मला या प्रश्नाचं फार हसू येतं. ज्या मुलीला विशीच्या आत गाव, घर, आडनाव, कधीकधी नावसुद्धा बदलून दुसऱ्याच्या घरी जायला सांगतो, तिचा संघ आपण बदलतोच की. तिथं ना तिचा करार, ना ना हरकत, उलट पैसे आपणच भरायचे! तेव्हा मात्र ती लांब जाते याची कुणाला काळजी वाटत नाही. खेळासाठी निघाली की लगेच घराण्याची अब्रू, जिल्ह्याची अस्मिता सगळं आठवतं.

आपल्या केज तालुक्यातल्या कळमअंब्याची प्रियंका इंगळे पुण्याकडे वाढली, तिकडेच खेळली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात तिच्या कप्तानीखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. जिल्हाभर फलक लागले, ‘बीडची लेक’ म्हणून. लागायलाच हवेत. पण बीडमध्ये राहून ती तिथवर पोचली असती का, हे त्या फलकांवर लिहिलेलं नव्हतं. खो-खोची मोठी लीग, अल्टिमेट खो-खो, २०२२ साली सुरू झाली ती मुलांची. प्रो कबड्डी २०१४ पासून चालू आहे, मुलींसाठी २०१६ साली तीन संघांचा एक प्रयोग झाला आणि तिथंच थांबला. क्रिकेटच्या मुलींचं नशीब २०२३ पासून उघडलं. सांगलीच्या स्मृती मानधनाला पहिल्याच लिलावात बंगळूरनं ३ कोटी ४० लाखांना घेतलं. धारावीच्या सिमरन शेखला डिसेंबर २०२४ मध्ये गुजरातनं १ कोटी ९० लाख दिले. लिलाव म्हटलं की अंगावर काटा येतो हे खरं. माणसाची बोली कसली लावता? पण खो-खो, कबड्डीच्या मुलींना विचारा, त्या म्हणतील, लागू तर द्या एकदा.

आणि आपल्या जिल्ह्यात अशा कितीतरी मुली आहेत ज्या दरवर्षी संघ सोडतात आणि त्याची बातमी होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये शाळेचा खो-खोचा संघ तयार होतो. तालुक्याला जिंकतात, जिल्ह्याला जातात. चपळ पोरी बहुतेक ऊसतोडीच्या घरातल्या, कारण लहानपणापासून पळणं, वाकणं अंगात मुरलेलं. दसरा-दिवाळीला गाडी भरते आणि बारा जणींतल्या चार-पाच गायब होतात. विभागाच्या स्पर्धेला सर उरलेल्या मुली घेऊन जातात. गेलेली पोर फडाच्या कडेला खोपीत धाकट्या भावाला सांभाळत असते. तिच्या बापानं घेतलेल्या उचलीत तिचा संघ बदललेला असतो. हंगामी वसतिगृह असलं आणि घरी आजी धड असली तर एखादी मागं राहते. बाकीच्या पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलात येतात. तोवर मैदानातली खो-खोची पाटी पुसलेली असते आणि परीक्षा तोंडावर आलेली असते.

या वर्षीची संघाची यादी लावताना आमच्या भागातल्या एका सरांनी मुलींच्या नावापुढं एक रकाना जास्तीचा आखलाय – ‘दिवाळीनंतर कोण थांबणार?’ त्यात आई-बापाबरोबर मुलीलाही विचारून लिहायचं, असं आमच्या बचत गटातल्या बायांनी त्यांना सांगितलंय. पहिल्या दिवशी सात जणींनी ‘थांबणार’ लिहिलं. त्यातल्या तिघींच्या घरी अजून बोलणं व्हायचंय.