आयर्लंडचें फिडल आणि शनिवारचा तास

आमच्या प्रार्थनामंदिराच्या मागील खोलींत, जुन्या गीतपुस्तकांच्या कपाटावर, एक व्हायोलिन पुष्कळ वर्षें पडून होतें. पेटीच्या कड्या गंजल्या होत्या, चार तारांपैकीं दोन तुटल्या होत्या, आणि गजाच्या केसांना कसर लागली होती. गेल्या पावसाळ्यांत आम्हीं तें दुरुस्त करून घेतलें व शनिवारच्या संगीताच्या तासाला मुलांपुढें ठेवलें. कांहीं आठवड्यांनीं एक पालक भेटावयास आले. मनुष्य सरळ व कष्टाळू. वर्षांतले सहा महिने मुलखाबाहेर ऊस तोडून मुलाला येथें शिकविणारा. ते म्हणाले, "गुरुजी, पोरगं घरी आलं की हवेतच गज ओढत बसतंय. त्यानं काय पोट भरणार हाय का? त्यापेक्षा तो तास गणिताला द्या ना."

त्या वेळीं आम्हीं त्यांस जें उत्तर दिलें तें अपुरें होतें, हें आमचें आम्हांस त्याच रात्रीं समजलें. वार्षिकाच्या ह्या पानांवर तें पुरें करण्याचा प्रयत्न करितों. वाचकांनीं क्षमा करावी, पण त्यासाठीं बीडहून आयर्लंडपर्यंत जाऊन यावें लागणार आहे. कारण मुलांना त्या व्हायोलिनवर आम्हीं प्रथम ज्या चाली शिकविल्या त्या तेथल्या होत्या, आणि आम्हांस स्वतःलाहि त्यांचा नाद आहे.

फिडल म्हणजे कांहीं निराळें वाद्य नव्हे. तें व्हायोलिनच, लोकांच्या नाचगाण्यांत वाजलें म्हणजे त्यास फिडल म्हणावयाचें, इतकाच भेद. आयर्लंडांत हें वाद्य खेड्यापाड्यांतील स्वयंपाकघरांत, चुलीपाशीं, शेजारपाजारचीं माणसें जमवून वाजविलें जात असे, आणि आजहि तेथें लहानमोठे एकत्र बसून वाजवितात. बासरी, पाइप व फिडल हीं सारीं मिळून एकच चाल वाजवितात. पाश्चात्य संगीत म्हटलें कीं अनेक स्वर एकदम ऐकूं येण्याची आपण अपेक्षा करितों आणि बिचकतों. परंतु हें संगीत मुळांत आपल्यासारखेंच एकेरी सुरावटीचें आहे. म्हणूनच आपल्या कानाला तें लवकर आपलेंसें वाटतें.

लवकर म्हणजे पहिल्याच दिवशीं नव्हे. प्रथम ऐकणारास ह्या साऱ्या चाली एकसारख्या वाटतात. आम्हांसहि तशाच वाटल्या; कोणीतरी एकच धून घाईघाईनें शंभर वेळां घोळवीत आहे, असा भास झाला. चार दिवस ऐकल्यावर रचना दिसूं लागली. चाल लहान असते. आठ आवर्तनांचा पहिला भाग दोनदां, आठांचाच दुसरा भाग दोनदां, कीं झाली एक फेरी. दुसरा भाग बहुधा वरच्या स्वरांत चढतो, जणूं स्थायी संपून अंतरा लागला. जिग नांवाचा जो प्रकार आहे त्यांत तीन-तीन अशा सहा मात्रा असतात, आणि दादरा जाणणाऱ्या मुलाचा हात मांडीवर आपोआप पडूं लागतो. रील हा प्रकार आठ जलद मात्रांचा. त्याला केरव्याचा जवळचा आप्त म्हणण्यास हरकत नाहीं. कांहीं चाली बिलावलाच्या शुद्ध स्वरांत आहेत. कांहींत निषाद कोमल होतो आणि खमाजाची छाया पडते. कांहींत गांधार व निषाद दोन्ही कोमल, म्हणजे काफी. ही छायाच आहे, हें मात्र ध्यानांत ठेवावें. रागाचे विधिनिषेध तेथें शोधूं जाणें म्हणजे ज्वारीच्या शेतांत आंबे शोधण्यासारखें आहे.

ऐकण्यांतला खरा आनंद ह्यानंतर सुरू होतो. एकच चाल दोन वादकांची ऐकावी. एकाचा गज छोटा व खणखणीत, दुसऱ्याचा लांब व ओघवता. एखाद्या स्वराला वरच्या व खालच्या स्वराचा निसटता स्पर्श देऊन पुन्हां मूळ जागीं येण्यास ते 'रोल' म्हणतात. आपल्या मुरकीची ही दूरची बहीण. कागदावर पाहिलें तर दोघांची चाल एकच. परंतु कोणता स्वर किंचित् लांबवावयाचा व कोणता चोरून घ्यावयाचा हें कागद सांगत नाहीं. आणि नाचाच्या चाली संपवून वादक जेव्हां एखादें संथ गीत काढतो, ज्यांत ताल नाहीं, केवळ श्वासाच्या मापानें स्वर लांबत जातात, तेव्हां वर्गांतला खट्याळांतला खट्याळ मुलगाहि गप्प बसतो. आम्हीं हें पाहिलें आहे.

शिकण्याचें मात्र निराळें. आम्हीं चाळिशी ओलांडल्यावर गज हातीं धरला, आणि पहिले तीन महिने आमच्या घरच्यांनीं जें सहन केलें त्याचा उल्लेख येथें कृतज्ञतापूर्वक करितों. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. बोट केसभर सरकलें कीं स्वर बिघडला. डाव्या हाताचें बोट स्वर शोधतें, पण बोलतो तो उजवा हात. गज जड पडला तर तार कण्हते, हलका पडला तर कुजबुजते. ज्याला आपली चूक स्वतःच्याच कानानें ऐकण्याची संवय नाहीं, त्याला हें वाद्य एका मिनिटांत ती लावतें. वहींतील चुकलेलें उदाहरण मुलगा दुसऱ्या दिवशीं गुरुजींच्या लाल शाईंत पाहतो. येथें चूक त्याच क्षणीं कळते, आणि ती दुसऱ्या कोणीं सांगावी लागत नाहीं. गणिताच्या कैवाऱ्यांनीं ह्याचा विचार करावा.

आयरिश चाल शिकण्याची जुनी रीत कानानें शिकण्याची आहे. शिकविणारा दोन आवर्तनें वाजवितो, शिष्य तीं परत वाजवितो. जमेपर्यंत पुढें जावयाचें नाहीं. आपण ज्यास गुरुमुखी विद्या म्हणतों ती हीच. ह्या संबंधांत पाड्रिग ओ'कीफ ह्या वादकाची हकीकत आम्हांस फार आवडते, कारण ते शाळामास्तर होते. त्यांचा जन्म १८८७ चा, कॉर्क व केरी परगण्यांच्या सीमेवरील डोंगराळ भागांतला. १९२० सालीं त्यांची शाळेची नोकरी गेली. कामाकडे त्यांचें दुर्लक्ष होत असे, आणि मास्तर ह्या नात्यानें आम्ही त्यांचा कित्ता गिरवूं इच्छीत नाहीं. पुढें १९६३ त मृत्यु येईपर्यंत ते घरोघर पायीं हिंडून शेतकऱ्यांच्या मुलांना फिडल शिकवीत राहिले. स्वरलिपि न जाणणाऱ्या त्या मुलांसाठीं त्यांनीं एक सोपी युक्ति काढली होती: संगीताच्या पांच रेघांमधील चार मोकळ्या जागा म्हणजे वाद्याच्या चार तारा, आणि त्या जागांत लिहिलेले आंकडे म्हणजे बोटें. आमच्या सातवीच्या वर्गानें ही युक्ति एका तासांत आत्मसात् केली.

कोणी विचारील कीं, हें सारें परदेशी सोंग आपल्या मुलांना कशाला? ह्यास उत्तर द्यावयाचें तर तंजावरकडे पाहावें लागेल. तेथील मराठी राजे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) ह्यांचें शिक्षण जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ ह्यांच्या देखरेखीखालीं झालें, आणि त्यांच्या दरबारांत वीणेबरोबर पाश्चात्य वाद्यवृंदहि वाजत असे. त्याच काळांत मद्रासकडे इंग्रजांचा बँड ऐकून मुथुस्वामी दीक्षितांनीं पाश्चात्य चालींवर संस्कृत स्तोत्रें रचिलीं. त्यांतील 'वंदे मीनाक्षि' ह्या रचनेची चाल म्हणजे कॉर्क परगण्यांतील मॅलो गांवाच्या नांवानें प्रसिद्ध असलेली एक आयरिश नाचाची चाल होय. त्यांचे धाकटे बंधु बाळुस्वामी व्हायोलिन शिकले आणि तें दक्षिणेच्या संगीतांत असें रुजलें कीं आज त्यावांचून तेथील मैफल सहसा होत नाहीं. आपल्याकडे वाईस जन्मलेले विष्णु गोविंद जोग आणि गोमंतकांतील श्रीधर पार्सेकर ह्यांच्या हातीं ह्याच वाद्यानें ख्याल व नाट्यपदें गाइलीं. उलट दिशेचें उदाहरण हवें असेल तर आपल्या राष्ट्रगीताचें घ्या. १९१९ सालीं मदनपल्ली येथें रवींद्रनाथांनीं तें गाऊन दाखविलें, आणि त्याची चाल पाश्चात्य स्वरलिपींत उतरून घेतली ती मार्गारेट कझिन्स ह्या आयरिश बाईंनीं.

आमच्या ख्रिस्ती बांधवांपैकीं कांहींना परदेशी चालींची धास्ती नसून देशी चालींची आहे, हेंहि येथेंच सांगून टाकतों. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंग व भजनें देवळांत आणलीं त्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. तरी किंगरी किंवा एकतारी दिसली कीं कित्येकांच्या कपाळास आठी पडते. तारेला धर्म नसतो. इंग्रजी उपासनेंत मोठ्या भक्तिभावानें गाइल्या जाणाऱ्या 'बी दाउ माय व्हिजन' ह्या गीताची चाल आयर्लंडच्या जुन्या लोकगीताचीच आहे. शेतांत व घरांत गाइली जाणारी चाल देवळांत आली, आणि देवळाचें कांहीं बिघडलें नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतों. तो पोटाचा आहे आणि त्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

१८४५ पासून १८५२ पर्यंत आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ झाला. सुमारें दहा लाख माणसें मेलीं आणि त्याहून अधिक देश सोडून गेलीं. दुष्काळ सरला तरी जाणें थांबलें नाहीं. पुढें कित्येक पिढ्या तरुण मुलें अमेरिकेचीं जहाजें धरीत राहिलीं. बाहत्तरच्या दुष्काळांत खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेल्या आजोबांच्या गोष्टी ज्या घरांत ऐकूं येतात, त्या घरांतील मुलांस हें निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. त्या जाणाऱ्यांपैकीं एक फ्रान्सिस ओ'नील. हे १८४८ त, दुष्काळाच्या ऐन काळांत, कॉर्क परगण्यांत जन्मले, पोरवयांत खलाशी झाले आणि शेवटीं शिकागो शहराचे पोलीसप्रमुख बनले. त्यांस स्वरलिपि लिहितां येत नव्हती. पण लहानपणीं घरीं ऐकलेल्या चाली कानांत जशाच्या तशा होत्या. शिकागोंत पोट भरण्यास आलेल्या आयरिश मजुरांकडून व शिपायांकडून त्यांनीं आणखी चाली गोळा केल्या आणि त्याच खात्यांतील जेम्स ओ'नील नांवाच्या फिडलवादकाकडून लिहवून घेतल्या. १९०३ त त्यांचा जो संग्रह निघाला त्यांत १,८५० चाली आहेत. पुढें स्लायगोहून न्यूयॉर्कला गेलेले मायकेल कोलमन ह्यांच्या ध्वनिमुद्रिका आयर्लंडांत परत आल्या, आणि घरीं राहिलेलीं मुलें परदेशीं गेलेल्या माणसाकडून आपलेंच संगीत शिकलीं.

आपल्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. मुकादमाची उचल फेडण्यासाठीं नवरा-बायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्रांत नाहींतर कर्नाटकांत जातो, आणि पाचटाच्या कोपींत हिंवाळा काढतो. सामान थोडें असतें. भांडीं, अंथरूण, पीठ. पण गाणें बरोबर जातेंच, कारण त्याचें ओझें नाहीं. तें गाणें कोण लिहून ठेवणार? हेमा राईरकर आणि गी पॉइटविन ह्यांनीं सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आपल्या माजलगांवच्या बायांच्या ओव्याहि आहेत. त्या गळ्यासकट ध्वनिमुद्रित झाल्या, आणि आज कोणासहि ऐकतां येतात. हें फार मोठें काम झालें. परंतु जातें घरांतून गेलें, आणि ओवी आतां आजीच्या तोंडींच राहिली आहे.

आम्हीं वर्गांत एकदां विचारलें कीं, आजीची एक ओवी चालीसह कोणास येते? एकच हात वर आला, आणि तोहि लाजत. हात त्याच मुलाचा, ज्याच्या वडिलांची तक्रार आम्हीं आरंभीं सांगितली. आम्हीं त्यास ओवी म्हणावयास सांगितली तेव्हां तो मान खालीं घालून उभा राहिला. मग त्यानें व्हायोलिन मागितलें. जिग शिकतांना एक-एक तुकडा कानानें पकडण्याची जी संवय लागली होती, तिच्या आधारें तो तारेवर स्वर चांचपूं लागला. दहा मिनिटांनीं ओवीची पहिली ओळ त्या आयरिश वळणाच्या गजांतून स्पष्ट ऐकूं आली. वर्ग हंसला नाहीं. मागच्या बाकावरील दोन मुलींनीं शब्द म्हणण्यास सुरुवात केली. त्यांसहि ती येत होती, हें आम्हांस तोंवर ठाऊक नव्हतें, आणि कदाचित् त्यांनाहि नसावें.

म्हणून आमचें मत असें कीं शनिवारचा तास काढूं नये. गणित कच्चें राहतें ही तक्रार खरी आहे. त्यासाठीं बुधवारीं शाळा सुटल्यावर जादा तास आम्ही स्वतः घेऊं, आणि त्याबद्दल वेगळें कांहीं घेणार नाहीं. त्या पालकांस एक विनंति मात्र आहे. हंगाम संपवून टोळी परत आली म्हणजे त्यांनीं एखाद्या शनिवारीं आपल्या मातोश्रींस शाळेंत घेऊन यावें. ओवीची दुसरी ओळ शेवटीं कोठें वळते, हें मुलास नीट आठवत नाहीं.