सृष्टिकथांतील विसंगतीचे भय कशाला?

उपनिषदे प्रथमच हाती घेणाऱ्या तरुणापुढे एक अडचण हमखास उभी राहते. तैत्तिरीय उपनिषद सांगते की, आत्म्यापासून आकाश झाले आणि मग क्रमाने वायू, अग्नी, जल व पृथ्वी. छांदोग्यात उद्दालक आरुणी पुत्र श्वेतकेतूला सांगतात की, आरंभी केवळ 'सत्' होते आणि त्याने प्रथम तेज उत्पन्न केले. आकाश व वायू यांचा तेथे उल्लेखच नाही. ऐतरेयात आत्मा थेट लोकांची निर्मिती करतो, तर प्रश्नोपनिषदात आरंभ प्राणापासून होतो. पुराणांत तर आदिकारण कोठे विष्णू, कोठे शिव, कोठे देवी! मग यांतले खरे कोणते?

हा प्रश्न घरात विचारला गेला की बहुधा दोन उत्तरे मिळतात. पहिले, ‘शास्त्रावर शंका घेऊ नये.’ दुसरे, ‘हे सारे आधुनिक विज्ञानच आहे, तुला कळत नाही इतकेच.’ दोन्ही उत्तरे परंपरेला न शोभणारी आहेत.

मुळात ही शंका कोणा परकीय टीकाकाराने प्रथम काढलेली नाही. ती आपल्याच आचार्यांनी पूर्वपक्ष म्हणून मांडली आणि आपल्याच ग्रंथांत जतन केली. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील तिसरा पाद याच वादाने सुरू होतो : छांदोग्यात आकाशाची उत्पत्ती नाही, तर ती मानावी काय? निर्णय असा की, तैत्तिरीयाशी एकवाक्यता साधून तेजाची उत्पत्ती आकाश व वायू यांच्यानंतर समजावी.

पण आद्य शंकराचार्य एवढ्यावर थांबत नाहीत. पहिल्या अध्यायाच्या भाष्यात ते अधिक मूलगामी भूमिका घेतात. कार्याच्या क्रमाविषयी श्रुतिवाक्ये भिन्न असली, तरी कारणाविषयी त्यांच्यात मतभेद नाही. आणि सृष्टीचा क्रम शिकविणे हे श्रुतीचे प्रयोजनच नव्हे, कारण तो जाणून कोणताही पुरुषार्थ साधत नाही. त्यांच्याही आधी गौडपादांनी मांडूक्यकारिकांत म्हटले होते की, माती, लोह व ठिणग्या यांचे दृष्टान्त देऊन केलेली सृष्टिवर्णने हा बोधाचा एक उपाय आहे. रामानुजाचार्य व मध्वाचार्य यांना सृष्टीचे हे गौणत्व मान्य नाही. त्यांनी ती सत्य मानून वेगळी संगती लावली. हा मतभेद शतकानुशतके चालला, पण त्यासाठी कोणाला परंपरेबाहेर जावे लागले नाही.

आता दुसऱ्या उत्तराविषयी. पुराणांतील एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा आणि वैज्ञानिकांच्या मते पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. हे साम्य पाहून अनेकांचा ऊर भरून येतो. परंतु विश्वाचे वय आज सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते, त्याचे काय करायचे? जुळते तेवढे मिरवायचे आणि न जुळणारे झाकायचे, हा सत्यशोधनाचा मार्ग नव्हे. शिवाय विज्ञान आपले सिद्धान्त तपासत राहते. महास्फोटाचा सिद्धान्त सर्वत्र रूढ असतानाही डॉ. जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ साली वेगळी मांडणी केली. उद्या विज्ञानाचा आकडा बदलला, तर आपली श्रद्धाही बदलायची काय? ऋषींना प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची आवश्यकता नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरुषसूक्त आहे, हिरण्यगर्भसूक्त आहे आणि नासदीय सूक्तही आहे. १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'भारत एक खोज' मालिकेच्या शीर्षकगीतातून नासदीय सूक्ताचा आशय घरोघरी पोहोचला. ही सृष्टी कोठून आली, हे तिच्या अध्यक्षाला तरी ठाऊक असेल काय, की त्यालाही नसेल, असे विचारून ते सूक्त संपते. ज्या संहितेत उत्तरे आहेत, तिच्यातच असा प्रश्नही मंत्र म्हणून पूज्य ठरला. पूर्वजांनी विसंगत वाटणारे काहीही पुसून टाकले नाही, हा त्यांच्या बौद्धिक प्रामाणिकपणाचा पुरावा होय.

म्हणून घरातील मुलाने किंवा अभ्यासवर्गातील तरुणाने हा प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नये. गप्प बसविलेला तरुण प्रश्न सोडत नाही, तो ग्रंथ सोडतो. त्याच्यासोबत तैत्तिरीय आणि छांदोग्य शेजारी शेजारी ठेवून वाचावे आणि भाष्यकार काय म्हणतात तेही दाखवावे. उपनिषदांतील श्वेतकेतू, नचिकेता, मैत्रेयी ही सारी प्रश्न विचारणारी माणसे होती. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी प्रश्नाला भिण्याचे कारण नाही.